फ्लॉपी कंट्रोलरशी संवाद: कमांड, इंटरप्ट आणि पहिला सेक्टर

फ्लॉपीचा ड्रायव्हर पहिल्यांदा लिहिणारे बहुतेक जण एकाच जागी अडतात. कमांड जाते, हेड सरकल्याचा आवाज येतो, इंटरप्टही (काम झाल्याचा प्रोसेसरला जाणारा इशारा) येतो. मग दुसरी कमांड पाठवली की सगळं ठप्प. इंटरप्ट नाही, एरर नाही, काहीच नाही. पाठवलेले बाइट दहादा तपासले तरी चूक सापडत नाही, कारण ती बाइटमध्ये नसतेच. पहिल्या इंटरप्टनंतर ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपला जे विचारायला हवं होतं, ते विचारायचं राहून गेलेलं असतं.

हा लेख मुख्यतः त्या एका जागेसाठी आहे. तिथून पुढे जाऊन फ्लॉपीचा पहिला सेक्टर मेमरीत आणेपर्यंतच्या पायऱ्या आपण क्रमाने बघू.

चिप कोणती ते आधी सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या फ्लॉपी अडॅप्टर कार्डावर एनईसीची ७६५ होती. तीच चिप इंटेलने ८२७२ या नावाने बनवली. पुढे ८२०७७एए मध्ये तिला १६ बाइटचा फिफो (बाइट रांगेत साठवणारी जागा) मिळाला आणि नंतर ती मदरबोर्डवरच्या सुपर आय-ओ चिपमध्ये सामावली गेली. कमांडचा साचा मात्र शेवटपर्यंत तोच राहिला, आणि क्यूएमूसारख्या एम्युलेटरमध्येही (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्येही) तोच आहे. स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्याने हार्डवेअर शिकायला इथूनच सुरुवात करावी असं मी मनापासून सांगेन. इंजिनियरिंगला ८२५९ (इंटरप्ट सांभाळणारी चिप) आणि ८२३७ (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा मेमरीत पोचवणारी, म्हणजे डीएमएची चिप) कागदावर शिकलेल्यांना तर त्या दोन्ही चिप इथे एकत्र कामाला लागलेल्या दिसतात.

लेखात पोर्टचे पत्ते आणि बाइटच्या किमती हेक्समध्ये (सोळाच्या पायात) आहेत आणि त्यातली अक्षरंही देवनागरीत लिहिली आहेत. वेळ, संख्या आणि बिटांचे क्रमांक नेहमीच्या दशमान पद्धतीत आहेत.

कामाची पोर्ट चारच

कंट्रोलर ३एफ० ते ३एफ७ या पट्ट्यात बसतो, पण रोजचं काम चार पोर्टवर चालतं. ३एफ२ वर डिजिटल आउटपुट रजिस्टर, म्हणजे डीओआर. त्याचे बिट ० आणि १ ड्राइव्ह निवडतात. बिट २ शून्य केला की चिप रीसेटमध्ये जाते. बिट ३ इंटरप्ट आणि डीएमएच्या तारा पुढे जोडतो. बिट ४ ते ७ चार ड्राइव्हच्या मोटरी चालू-बंद करतात. बिट ३ शून्य राहिला तर चिप आतल्या आत इंटरप्ट देत राहते आणि प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून इंटरप्ट येतच नसेल तर सगळ्यात आधी हा बिट तपासा.

३एफ४ वर मेन स्टेटस रजिस्टर, म्हणजे एमएसआर. ते फक्त वाचायचं. ३एफ५ हे डेटा पोर्ट: कमांडचे बाइट इथूनच जातात आणि निकालाचे बाइट इथूनच येतात. ३एफ७ वर लिहिलं तर डेटाचा वेग ठरतो (१.४४ एमबीसाठी ००, म्हणजे सेकंदाला ५०० किलोबिट) आणि वाचलं तर बिट ७ डिस्क बदलल्याची खबर देतो.

प्रत्येक बाइटआधी एमएसआर

ही सवय सुरुवातीलाच लावून घ्या. एमएसआरचा बिट ७ एक असेल तर चिप देवघेवीला तयार आहे. बिट ६ दिशा सांगतो: शून्य असेल तर ती तुमच्याकडून बाइट घेणार, एक असेल तर तिला तुम्हाला बाइट द्यायचा आहे. बिट ४ एक असेल तर एक कमांड अजून पूर्ण व्हायची आहे.

म्हणून बाइट पाठवण्याचं फंक्शन असं लिहा: एमएसआर वाचा, वरचे दोन बिट वेगळे काढा. उत्तर ८० आलं तरच ३एफ५ वर बाइट लिहा. बाइट घेण्याच्या फंक्शनमध्ये उत्तर सी० यायला हवं. दोन्हीकडे वाट पाहण्याला मर्यादा घाला, अनंत लूप ठेवू नका. मूळ ७६५ मध्ये एक बाइट दिल्यावर एमएसआर पुन्हा विश्वासाने वाचण्याआधी १२ मायक्रोसेकंद द्यावे लागतात. वेगवान प्रोसेसरवर हे विसरलं की शिळी स्थिती वाचली जाते.

पाठवायला गेलात आणि सी० दिसलं, तर आधीच्या कमांडचा निकाल अजून चिपच्या हातात आहे. तो पूर्ण उचलल्याशिवाय ती नवी कमांड घेत नाही.

कोणत्या कमांडला किती बाइट लागतात आणि किती परत येतात, हा हिशेब चिप पहिल्या बाइटवरून करते आणि तिचा हिशेब पक्का असतो. रीडला नऊ द्यायचे, सात घ्यायचे. सीकला (हेड हव्या त्या ट्रॅकवर नेणारी कमांड) तीन द्यायचे, परत काही नाही. रीकॅलिब्रेटला (हेड ट्रॅक शून्यावर आणणारी कमांड) दोन, परत काही नाही. सेन्स इंटरप्टला (इंटरप्ट कशाचा ते विचारणारी कमांड) एक द्यायचा, दोन घ्यायचे. हा हिशेब चुकला तर काय होतं याचं मोठं उदाहरण मे २०१५ मध्ये जगासमोर आलं. क्यूएमूच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये बाइट साठवायला ५१२ बाइटचा बफर होता. दोन कमांड अशा होत्या की त्यांच्यानंतर बफरमधली जागा दाखवणारा आकडा वेळेवर शून्यावर येत नव्हता. बाइट पाठवत राहिलं की बफरच्या पलीकडे लिहिलं जायचं, आणि त्या वाटेने आभासी मशीनमधून बाहेर पडणं शक्य होतं. 'व्हेनम' या नावाने गाजलेला दोष तो हाच.

इंटरप्ट दोन जातीचे

कमांडचे टप्पे तीन. पहिल्यात तुम्ही बाइट देता, दुसऱ्यात चिप काम करते, तिसऱ्यात ती निकाल देते. पण प्रत्येक कमांडला तिन्ही टप्पे नसतात, आणि घोडं पेंड खातं ते इथेच.

रीड, राइट, फॉर्मॅट, रीड आयडी या कमांडना निकालाचा टप्पा असतो. काम संपलं की चिप इंटरप्टची तार वर करते. निकालाचा पहिला बाइट वाचला की तार आपोआप खाली येते. वेगळी पोच द्यावी लागत नाही, फक्त सातही बाइट उचलायचे.

सीक आणि रीकॅलिब्रेट यांना निकालाचा टप्पाच नाही. हेड जागेवर पोचलं की इंटरप्ट येतो, पण डेटा पोर्टवर वाचायला काही नसतं. हेड कुठे पोचलं, नीट पोचलं का, हे तुम्हीच विचारायचं. त्यासाठी सेन्स इंटरप्ट स्टेटस, म्हणजे ०८. त्याचं उत्तर दोन बाइटचं: एसटी० (काम कसं संपलं ते सांगणारा स्टेटस बाइट) आणि हेड सध्या ज्या सिलिंडरवर (डिस्कच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या ट्रॅकवर) आहे त्याचा क्रमांक. हे विचारेपर्यंत इंटरप्टची तार वरच राहते आणि एमएसआरमध्ये त्या ड्राइव्हचा 'व्यस्त' बिट चढलेला राहतो. तो चढलेला असताना चिप रीड किंवा राइट घेत नाही. पीसीमधला ८२५९ इंटरप्ट ओळखतो तो तार खालून वर जाताना. तार आधीच वर असेल तर पुढचा चढ होणारच कसा? लेखाच्या सुरुवातीला सांगितलेलं ठप्प होणं ते हेच.

ड्राइव्हची तयारीची स्थिती बदलल्यावरही चिप इंटरप्ट देते. तोही दुसऱ्या जातीचाच, सेन्स इंटरप्टने मिटणारा.

अनपेक्षित इंटरप्ट आला तर जात ओळखायची सोपी खूण आहे. एमएसआर वाचा. बिट ४ एक असेल तर निकाल वाट पाहतोय, तो वाचा. शून्य असेल तर ०८ पाठवा.

काही प्रलंबित नसतानाच ०८ पाठवली तर चिप तिला अवैध कमांड समजते आणि ८० हा एकच बाइट परत देते. तुमचं फंक्शन दोन बाइटची वाट पाहत असेल तर ते दुसऱ्या बाइटपाशी ताटकळत बसेल. म्हणून निकाल वाचताना बाइट मोजून थांबण्यापेक्षा एमएसआरचा बिट ४ पाहून थांबणं चांगलं: तो एक आहे तोवर वाचा, शून्य झाला की थांबा.

इंटरप्ट हँडलर छोटाच ठेवा

पीसीमध्ये फ्लॉपीचा इंटरप्ट आयआरक्यू ६ वर येतो, रिअल मोडमध्ये व्हेक्टर ०ई. हँडलरने दोनच गोष्टी कराव्यात: मेमरीतला एक फ्लॅग १ करायचा आणि पोर्ट २० वर २० लिहून ८२५९ ला काम संपल्याचं कळवायचं. निकाल वाचणं, सेन्स इंटरप्ट पाठवणं हे सगळं हँडलरबाहेर, कमांड देणाऱ्या कोडमध्ये. बायोसही (पीसीमधला पायाभूत प्रोग्राम) हेच करतं. त्याच्या डेटा क्षेत्रात ४०:३ई या पत्त्यावरच्या बाइटचा बिट ७ म्हणजे हा फ्लॅग, आणि निकालाचे सात बाइट ४०:४२ पासून ठेवलेले असतात. जुन्या मशीनवर डीबगरने ते बघता येतात आणि शिकताना ते बघावेतच.

फ्लॅग शून्य करायचा तो कमांडचा पहिला बाइट पाठवण्याआधी. कमांड पाठवून मग फ्लॅग पुसला तर मधल्या वेळात आलेला इंटरप्ट तुम्हीच पुसून टाकाल. खऱ्या ड्राइव्हवर हेड सरकायला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ही चूक तिथे झाकली जाते. क्यूएमूमध्ये सीकचा शेवटचा बाइट पोर्टवर पडला की इंटरप्ट तिथल्या तिथे उठतो, आणि ती लगेच उघडी पडते.

रीसेट ते सिलिंडर शून्य

आता क्रमाने. आयआरक्यू ६ चा हँडलर बसवा आणि ८२५९ मध्ये ती तार मोकळी करा. फ्लॅग शून्य करा. डीओआरवर ०० लिहा, काही मायक्रोसेकंद थांबा, मग ०सी लिहा: रीसेट उठला, तारा जोडल्या गेल्या, ड्राइव्ह शून्य निवडला, मोटर अजून बंद.

इंटरप्ट येईल. तो एकच असला तरी सेन्स इंटरप्ट मात्र चार वेळा पाठवावी लागते. कारण असं: चिप चारही ड्राइव्हच्या 'तयार' या तारा आळीपाळीने तपासते. रीसेटनंतर तिच्या लेखी चारही ड्राइव्ह तयार नसतात. पीसीमध्ये ही तार कायमची 'तयार' अशी बांधलेली आहे, म्हणून चारही ड्राइव्हची स्थिती बदललेली तिला दिसते, भले प्रत्यक्षात ड्राइव्ह एकच असो. चार वेळा विचारल्यावर एसटी० मध्ये सी०, सी१, सी२, सी३ अशी उत्तरं येतील. एकदाच विचारून पुढे गेलात तर उरलेली तीन उत्तरं नंतर सीकच्या उत्तराच्या जागी उगवतील.

मग ३एफ७ वर ०० लिहून वेग ठरवा आणि स्पेसिफाय कमांड द्या: ०३, डीएफ, ०२. डीएफमधला डी म्हणजे हेडच्या दोन पावलांमध्ये ३ मिलिसेकंद (५०० किलोबिटला १६ वजा १३), एफ म्हणजे हेड उचलण्याआधी २४० मिलिसेकंद. ०२ मधला सर्वांत खालचा बिट शून्य आहे, म्हणजे डीएमए वापरणार. स्पेसिफायला ना निकाल, ना इंटरप्ट. तिच्यानंतर इंटरप्टची वाट पाहू नका.

डीओआरवर १सी लिहून मोटर लावा आणि साधारण अर्धा सेकंद द्या. चकती मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाला स्थिर झाल्याशिवाय वाचलेल्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मग रीकॅलिब्रेट: ०७, ००. इंटरप्ट, मग ०८. एसटी० २० आला आणि सिलिंडर ०० आला की हेड घरी पोचलं. एसटी० ७० आला तर घाबरू नका. ७६५ ही आठ इंची ड्राइव्हच्या काळातली चिप. त्या ड्राइव्हला ७७ ट्रॅक असत, म्हणून एका रीकॅलिब्रेटमध्ये ती जास्तीत जास्त ७७ पावलं टाकते. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हवर हेड अगदी आतल्या टोकाला असेल तर शून्यावर पोचण्याआधीच पावलं संपतात. पुन्हा एकदा रीकॅलिब्रेट द्या. दुसऱ्या वेळीही ७० आला तरच एरर समजा.

सीकही असाच: ०एफ, दुसऱ्या बाइटमध्ये हेड आणि ड्राइव्ह, तिसऱ्यात सिलिंडर. इंटरप्टनंतर ०८ पाठवून आलेला सिलिंडर मागितलेल्याशी ताडून बघा, आणि हेड स्थिरावायला १५ मिलिसेकंद द्या.

डीएमए

डीएमए नको, बाइट स्वतःच उचलू, असं वाटू शकतं. पहिल्या पीसीमध्ये फ्लॉपीचा वेग २५० किलोबिट होता, म्हणजे दर ३२ मायक्रोसेकंदांना एक बाइट. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ ला तेवढ्यात जेमतेम दीडशे क्लॉक मिळतात. १.४४ एमबीला त्याच्या निम्मा वेळ. बाइट उचलायला उशीर झाला की एसटी१ चा बिट ४, ओव्हररन, चढतो आणि सेक्टर वाया जातो.

ओव्हररनचा इतिहास गंभीर आहे. ७६५ घराण्याच्या काही चिपमध्ये, लिहिताना सेक्टरचा शेवटचाच बाइट उशिरा पोचला तर ओव्हररन ओळखलाच जात नसे. एरर न येता चुकीचा डेटा डिस्कवर जाई. या दोषावरून अमेरिकेत तोशिबावर खटला झाला आणि १९९९ मध्ये कंपनीने सुमारे २.१ अब्ज डॉलरची तडजोड केली. महत्त्वाचं काही लिहिल्यावर ते परत वाचून ताडून पाहावं, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळे.

फ्लॉपीसाठी ८२३७ चं चॅनेल २ ठरलेलं आहे. पोर्ट ०ए वर ०६ लिहून चॅनेल अडवा. ०सी वर काहीही लिहून फ्लिप-फ्लॉप (पुढचा बाइट खालचा की वरचा ते लक्षात ठेवणारा बिट) शून्य करा. ०४ वर बफरच्या पत्त्याचा खालचा बाइट, मग वरचा. ८१ वर पेज (पत्त्याचे १६ बिटांच्या वरचे बिट). पुन्हा ०सी. ०५ वर मोजणी, एक वजा करून: ५१२ साठी एफएफ, मग ०१. ०बी वर मोड ४६, म्हणजे डिस्ककडून मेमरीकडे. शेवटी ०ए वर ०२ लिहून चॅनेल मोकळं करा.

बफर ६४ केबीची सीमा ओलांडत नाही ना, ते पाहा. ८२३७ फक्त खालचे १६ बिट मोजतो. सीमा आली की पेज पुढे सरकत नाही, पत्ता त्याच पेजच्या सुरुवातीला वळतो आणि भलतीच मेमरी पुसली जाते.

रीड, बाइटगणिक

सिलिंडर ०, हेड ०, सेक्टर १. फ्लॅग शून्य करा आणि हे नऊ बाइट पाठवा:

४६, ००, ००, ००, ०१, ०२, १२, १बी, एफएफ

४६ मधला ०६ म्हणजे रीड, ४० म्हणजे एमएफएम (डिस्कवर बिट लिहिण्याची पद्धत). दुसरा बाइट ड्राइव्ह आणि हेड: हेड १ हवं असेल तर इथे ०४ येतं. मग सिलिंडर, हेड, सेक्टर. हेड दोनदा येतं ते उगीच नाही. पहिल्यांदा येतं ते कोणतं हेड वापरायचं यासाठी, दुसऱ्यांदा येतं ते डिस्कवर लिहिलेल्या सेक्टरच्या ओळखीशी जुळवण्यासाठी. दोन्ही जागी सारखंच द्या. ०२ म्हणजे ५१२ बाइटचा सेक्टर. १२ म्हणजे ट्रॅकवरचा शेवटचा सेक्टर, दशमानात १८. १बी ही सेक्टरांमधली गॅप. सेक्टरच्या आकाराचा बाइट (इथे ०२) शून्य नसेल तेव्हा शेवटचा एफएफ द्यायचा.

इंटरप्ट आला की सात बाइट उचला. सगळं सुरळीत असेल तर ते असे दिसतात:

००, ००, ००, ००, ००, ०२, ०२

पहिले तीन एसटी०, एसटी१, एसटी२. सगळे शून्य, म्हणजे निर्विघ्न. पुढे सिलिंडर, हेड, सेक्टर. सेक्टर १ मागितला असताना इथे ०२ दिसतो, कारण पुढे वाचायचं असेल तर कुठून, ते चिप सांगते. आता बफरचे शेवटचे दोन बाइट बघा. बूट होणारी फ्लॉपी असेल तर तिथे ५५ आणि एए हवेत.

चिपला कुठे थांबायचं हे ८२३७ सांगतो. मोजणी संपली की तो टर्मिनल काउंटची तार हलवतो. ॲमस्ट्रॅड सीपीसी या ब्रिटिश होम कॉम्प्युटरमध्ये ७६५ ला ही तार जोडलेलीच नव्हती, इंटरप्टचीही नव्हती. तिथे चिप मागितलेल्या शेवटच्या सेक्टरपर्यंत जाते, पुढे जागा नाही म्हणून एसटी० मध्ये ४० आणि एसटी१ मध्ये ८० देते, आणि तिथलं सॉफ्टवेअर त्यालाच यश मानतं. पीसीवर हीच जोडी दिसली तर डीएमएची मोजणी तपासा.

बाकीच्या एररमध्ये एसटी१ चा बिट २ म्हणजे त्या क्रमांकाचा सेक्टर सापडला नाही. बिट ० म्हणजे ट्रॅकवर ओळखीची खूणच मिळाली नाही. तेव्हा वेग चुकला आहे किंवा डिस्क फॉर्मॅट नाही. बिट ५ म्हणजे सीआरसी (डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जुळला नाही. बिट १ म्हणजे डिस्क राइट-प्रोटेक्ट आहे. एसटी२ चा बिट ४ चढला तर हेड भलत्याच सिलिंडरवर आहे, म्हणून रीकॅलिब्रेट करून पुन्हा सीक द्या. फ्लॉपीवर पहिल्याच प्रयत्नात एरर येणं नेहमीचं आहे. निदान तीनदा प्रयत्न केल्याशिवाय वरच्या थराला एरर देऊ नका.

उत्तरच आलं नाही तर

ड्राइव्हमध्ये डिस्क नसताना रीड दिली तर काय होईल? चिप एरर देत नाही. सेक्टर सापडत नाही हे ती ठरवते ते चकतीच्या फेरीबरोबर येणाऱ्या इंडेक्स पल्सवरून, आणि डिस्कच नाही तर पल्सही नाही. 'तयार' ही तार पीसीमध्ये कायम बांधलेली असल्याने तिथूनही काही कळत नाही. इंटरप्ट कधीच येत नाही.

म्हणून इंटरप्टच्या प्रत्येक प्रतीक्षेला मुदत हवी. चकतीची एक फेरी २०० मिलिसेकंदांची, त्यामुळे दोन सेकंद पुरेसे आहेत. मुदत संपली की अर्धवट कमांड मागे घ्यायची सोय चिपमध्ये नाही. रीसेट हाच मार्ग: ०० ते ०सी, चार सेन्स इंटरप्ट, वेग, स्पेसिफाय, रीकॅलिब्रेट, सगळं नव्याने. हा क्रम एका फंक्शनमध्ये ठेवा, तो बऱ्याचदा लागेल.

मोटर लगेच बंद करू नका, नाहीतर प्रत्येक सेक्टरला अर्धा सेकंद मोजावा लागेल. बायोस शेवटच्या वापरानंतर टायमरच्या ३७ टिक, म्हणजे सुमारे दोन सेकंद थांबतं. तेवढंच तुम्हीही थांबा.

क्यूएमूमध्ये सगळं चाललं की खऱ्या ड्राइव्हवर तीन प्रयोग करा: रिकामा ड्राइव्ह वाचा, वाचन चालू असताना डिस्क बाहेर काढा, आणि न फॉर्मॅट केलेली डिस्क घाला. तिन्ही वेळा ड्रायव्हरने एरर परत देऊन पुढची कमांड निमूट स्वीकारली, तर राइटकडे वळायला हरकत नाही. तिथे पहिला बाइट ४५ आणि डीएमएचा मोड ४ए, बाकीचे आठ बाइट जसेच्या तसे.